शुगर जागेवर आली, मग हृदयाची चौकशी कशाला? गरोदरपणातला मधुमेह आणि आईच्या रक्तवाहिन्या

प्रश्न थोडक्यात असा आहे : सव्विसाव्या आठवड्यात मधुमेह निघाला. आहार सांभाळून आणि रात्री थोडं इन्सुलिन घेऊन दिवस भरले, बाळंतपण झालं आणि शुगर आपोआप जागेवर आली. आता बीपी मोजा, कोलेस्टेरॉल तपासा, दरवर्षी या, असं सांगतात. मधुमेह गेला असेल तर हे सगळं कशासाठी? आणि त्या तीन महिन्यांत हृदयाला काही इजा झाली असेल का?

शेवटचा प्रश्न आधी घेऊ. बहुतेक बायकांचं हृदय गरोदरपणातल्या मधुमेहाने निकामी वगैरे होत नाही. इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तर पंपिंग नॉर्मलच दिसतं. मात्र रक्तवाहिन्यांचं वागणं बदललेलं असतं, हृदयाचं सैल पडण्याचं काम किंचित अवघड झालेलं असतं आणि हा बदल बाळंतपणाबरोबर पूर्णपणे पुसला जात नाही. शुगर वाढली ती वारेतून येणाऱ्या संप्रेरकांमुळे. वार पडली, शुगर उतरली. पण ज्या शरीराला तो भार पेलवला नाही ते शरीर काही बदललेलं नाही, आणि पुढच्या तपासण्या त्या शरीरासाठी असतात.

एक भेद सुरुवातीलाच करायला हवा, कारण त्यावरून बराच गोंधळ होतो. टाइप १ किंवा टाइप २ मधुमेह आधीपासून असताना दिवस जाणं वेगळं, आणि गरोदरपणात पहिल्यांदा शुगर वाढणं वेगळं. पहिल्या प्रकारात वर्षानुवर्षांच्या जास्त साखरेने डोळ्याच्या पडद्यातल्या आणि मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्या आधीच बिघडलेल्या असू शकतात, हृदयाचा ठेका सांभाळणाऱ्या मज्जातंतूंवर परिणाम झालेला असू शकतो, क्वचित हृदयाच्या धमन्यांतही अडथळा असतो. अशा बाईने दिवस राहण्याच्या आधीच बीपी, मूत्रपिंडांसाठी लघवीतलं अल्ब्युमिन व रक्तातलं क्रिएटिनिन, आणि डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा. एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) शक्यतो ६.५ टक्क्यांच्या खाली आणावं. बीपीसाठी '-प्रिल' किंवा '-सार्टन' गटातली गोळी चालू असेल तर ती कधी आणि कशाने बदलायची ते आधीच ठरवावं, कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनचंही तसंच. मधुमेह जुना असेल, वय पस्तिशीच्या पुढे असेल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ईसीजी आणि हृदयतज्ज्ञाचं मत टाळू नये. पहिल्या तिमाहीतच उपाशीपोटीची शुगर १२६ किंवा त्याहून जास्त, अथवा एचबीए१सी ६.५ च्या वर निघालं, तर तो बहुधा आधीचाच, लक्षात न आलेला मधुमेह असतो. त्याला 'गरोदरपणातला' म्हणून सोडून देऊ नये. यापुढचं लेखन मुख्यतः दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

नेमकं बिघडतं कुठे

अगदी निरोगी गरोदरपणातही हृदयाला मोठा भार वाहावा लागतो. रक्ताचं एकूण प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. हृदय दर मिनिटाला पुढे ढकलत असलेलं रक्त ३० ते ५० टक्क्यांनी वाढतं. नाडीचा वेग १० ते २० ठोक्यांनी चढतो. एवढं रक्त त्याच नळ्यांतून जायचं तर बीपी भडकायला हवं, पण होतं उलटं. पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत बीपी थोडं उतरतं आणि शेवटच्या तिमाहीत पुन्हा मूळ पातळीकडे येतं. हे जमतं, कारण शरीरभरच्या रक्तवाहिन्या सैल पडतात. सैल पाडण्याचं काम त्यांच्या आतल्या अस्तराचं, म्हणजे एंडोथेलियमचं. एका पेशीइतक्या जाडीचं हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि त्याने वाहिनीच्या भिंतीतला स्नायू ढिला पडतो. गरोदरपणातल्या रक्ताभिसरणाची सगळी मांडणी या सैल पडण्यावर उभी असते.

आता इन्सुलिनकडे येऊ. गरोदरपणाच्या उत्तरार्धात वारेतून येणारी संप्रेरकं आईच्या स्नायूंना आणि चरबीला इन्सुलिनबाबत बधिर करतात, म्हणजे बाळासाठी साखर रक्तात शिल्लक राहते. याची भरपाई म्हणून स्वादुपिंडाला दुप्पट-तिप्पट इन्सुलिन सोडावं लागतं. ज्यांच्या स्वादुपिंडाला तेवढं जमत नाही, किंवा ज्यांच्यात हा बधिरपणा आधीपासूनच जास्त असतो, त्यांची शुगर चढते.

इन्सुलिन फक्त साखर हलवत नाही. अस्तराच्या पेशीत ते दोन वेगळी कामं करतं. एका रासायनिक मार्गाने नायट्रिक ऑक्साइड तयार करायला लावतं, तर दुसऱ्या मार्गाने एंडोथेलिन-१ हा वाहिनी आवळणारा पदार्थ तयार करायला लावतं. बधिरपणा येतो तो पहिल्या मार्गाला. दुसरा बऱ्याच अंशी शाबूत राहतो. रक्तात इन्सुलिन जास्त असूनही सैल पडण्याचा संदेश क्षीण होतो आणि आवळण्याचा संदेश तसाच राहतो. त्यात वाढलेल्या साखरेमुळे पेशींत सुपरऑक्साइडसारखे आक्रमक रेणू तयार होतात आणि जे थोडंफार नायट्रिक ऑक्साइड बनलं असेल तेही खाऊन टाकतात. पोटाभोवतीच्या चरबीतून दाह वाढवणारे पदार्थ येतात, अस्तराला जपणारं अ‍ॅडिपोनेक्टिन कमी पडतं. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, निरोगी गरोदरपणातही दुप्पट-तिप्पट होतात, इथे ते आणखी वर जातात, आणि एलडीएलचे (वाईट कोलेस्टेरॉलचे) कण लहान व घट्ट होतात. असे कण धमनीच्या भिंतीत सहज शिरतात.

भिंतीचा कडकपणा हा यातला स्वतंत्र मुद्दा आहे. प्रत्येक ठोक्याला महाधमनीतून दाबाची एक लाट निघते आणि दूरच्या फाट्यांवर आपटून परत येते. वाहिन्या लवचिक असतील तर ती परतलेली लाट हृदय सैल पडत असताना पोचते आणि हृदयाच्या स्वतःच्या धमन्या भरायला मदत करते. वाहिन्या कडक झाल्या की लाटेचा वेग वाढतो, ती लवकर परतते आणि हृदय अजून रक्त ढकलत असतानाच त्याच्या तोंडावर येते. म्हणजे ढकलायला जास्त जोर आणि स्वतःला मिळणारं रक्त कमी. गरोदरपणातल्या मधुमेहात हा फरक मोजता येतो, मात्र तो छोटा असतो. साखरेने भिंतीतल्या कोलॅजनला (आधार देणाऱ्या तंतूंना) घट्ट बांधून टाकायला वर्षं लागतात, त्यामुळे खरा कडकपणा जुन्या मधुमेहात दिसतो.

डाव्या जवनिकेचं, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणाऱ्या हृदयाच्या कप्प्याचं, चित्रही यावरून समजतं. गरोदरपणात ती मोठी होतेच. निरोगी बाईत पोकळी आणि भिंत एकमेकींच्या प्रमाणात वाढतात. मधुमेहात, विशेषतः वजन जास्त असेल तर, पोकळीच्या मानाने भिंत जाड होते आणि जाड भिंत सैल पडायला वेळ घेते. इकोत इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे पंपिंगचा आकडा, नॉर्मल येतं, पण टिश्यू डॉप्लरवर (इकोतच स्नायूचा वेग मोजण्याची रीत) सैल पडण्याचा वेग कमी दिसतो आणि स्ट्रेन, म्हणजे स्नायू किती आखडतो ते, मोजला तर आकुंचनही किंचित मंद दिसतं. या बाईला कसलाही त्रास होत नाही. अडचण येते ती अचानक जादा पाणी चढलं तर : प्रसूतीत सलाईन भराभर गेलं, वर प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी वाढून इतर अवयवांवरही परिणाम करणारा आजार) झाला, की अशा हृदयामागे फुप्फुसात पाणी साठायला वेळ लागत नाही.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. या बदलांतला बराच वाटा आधीच्या वजनाचा आणि आधीपासून असलेल्या इन्सुलिनच्या बधिरपणाचा असतो. पण वजन हिशेबात धरून वजा केलं तरी काही फरक शिल्लक राहतो. त्यामुळे 'मी बारीक आहे, मला लागू नाही' असं म्हणता येत नाही.

तरीही सरसकट प्रत्येकीचा इको करावा असं मला वाटत नाही. लक्षण नाही, बीपी बरोबर आहे, हृदयाचा आवाज साफ आहे, तर इकोने उपचारात काही बदल होत नाही, फक्त अहवालातली एक ओळ वाचून घरभर घबराट होते. बीपी वाढलेलं असेल, न जुळणारी धाप असेल, जुना मधुमेह असेल किंवा आधी हृदयाचा आजार असेल, तर मात्र इको हवाच.

गरोदरपणातला खरा धोका : रक्तदाब

त्या नऊ महिन्यांपुरतं बोलायचं तर गरोदरपणातल्या मधुमेहाचा आईच्या रक्तवाहिन्यांवरचा सर्वांत महत्त्वाचा परिणाम म्हणजे बीपी आणि प्रीएक्लॅम्प्सिया. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या 'हापो' अभ्यासात २३ हजारांहून अधिक गरोदर बायकांची शुगर आणि पुढचे परिणाम पाहिले गेले. शुगर जसजशी चढते तसतसा प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका चढतो असं दिसलं, आणि 'या आकड्याखाली निर्धास्त' अशी कुठलीही स्पष्ट रेघ सापडली नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन उपाशीपोटी ९२, एक तासाने १८० आणि दोन तासांनी १५३ यांपैकी एकही आकडा गाठला तरी मधुमेह म्हणायचं, हे निकष त्याच माहितीवरून ठरले.

उपचाराने हे टळतं का? बऱ्याच प्रमाणात, हो. २००५ च्या एका मोठ्या चाचणीत नेहमीच्या देखभालीत १८ टक्के बायकांना प्रीएक्लॅम्प्सिया झाला, तर शुगरवर उपचार केलेल्या गटात १२ टक्के. २००९ च्या दुसऱ्या चाचणीत सौम्य मधुमेह असलेल्या बायकांत बीपी आणि प्रीएक्लॅम्प्सिया मिळून १३.६ वरून ८.६ टक्क्यांवर आलं. शुगर आवरणं बाळासाठी आहे असं सगळे सांगतात. ते आईसाठीही तितकंच आहे.

ग्लुकोमीटरवर धरायचे आकडे : उपाशीपोटी ९५ च्या खाली, जेवणानंतर एका तासाने १४० च्या खाली, दोन तासांनी मोजत असाल तर १२० च्या खाली. वेळ जेवायला सुरुवात केल्यापासून धरायची. शेवटच्या घासापासून धरली तर आकडा उगीच कमी दिसतो. बोट धुऊन कोरडं न करता मोजलं तर उलट चूक होते, कारण गोड काही हाताळलेलं असलं की शुगर वीस-तीसने जास्त येऊ शकते.

उपाशीपोटीच्या आकड्याकडे नीट पाहा. जेवणानंतरची शुगर ताटातून येते आणि ताटातून आवरते. पहाटेची शुगर यकृतातून येते. रात्रभर यकृत साखर सोडतं, तिला थोपवणारं इन्सुलिन अपुरं पडतं. म्हणून आठवडा-दोन आठवडे नीट आहार आणि चालणं करूनही सकाळचा आकडा ९५ च्या वर राहत असेल तर आणखी उपाशी राहून तो खाली येत नाही, रात्रीचं इन्सुलिन लागतं. त्याला अपयश समजून टाळाटाळ करणं ही नेहमी दिसणारी चूक. इन्सुलिन वारेतून बाळाकडे जवळजवळ जात नाही. मेटफॉर्मिन जातं, ही गोष्ट ठाऊक ठेवून ते वापरायचं.

दुसरी चूक याच्या उलट असते : भीतीने पिष्टमय पदार्थ जवळपास बंद करणं. दिवसाला किमान १७५ ग्रॅम कर्बोदकं गरोदर बाईला लागतात. ती तीन जेवणं आणि दोन-तीन छोट्या खाण्यांत वाटावीत. फार कमी केली तर शुगरचा आकडा सुरेख दिसतो, पण लघवीत कीटोन (साखरेऐवजी चरबी जळल्याची खूण) येतात आणि वजन उतरतं. चालण्याचा सर्वांत जास्त फायदा जेवणानंतर लगेच, दहा-पंधरा मिनिटं, असा होतो. स्नायू काम करत असताना इन्सुलिनशिवायही साखर ओढून घेतात. आठवड्याची बेरीज दीडशे मिनिटं झाली की पुरे.

बीपी घरी मोजणार असाल तर रीत सांभाळा, नाहीतर आकड्यांना अर्थ नाही. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नको, दंड हृदयाच्या पातळीवर, बोलायचं नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहायचे. पट्टा दंडाला योग्य मापाचा हवा. आतली फुगणारी पिशवी दंडाच्या घेराच्या साधारण ८० टक्के भागाला वेढणारी असावी. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर बीपी खोटंच जास्त दिसतं आणि नको ती गोळी सुरू होते. यंत्र गरोदरपणासाठी पारखलेलं आहे का तेही पाहावं. काही स्वयंचलित यंत्रं नेमकी प्रीएक्लॅम्प्सियातच बीपी कमी दाखवतात, आणि ही चूक पहिलीपेक्षा महागात पडते.

चार तासांच्या अंतराने दोनदा १४०/९० किंवा जास्त आलं तर रक्तदाब वाढला असं धरायचं. वीस आठवड्यांनंतर त्याला लघवीतल्या प्रथिनांची जोड मिळाली (चोवीस तासांत ३०० मिलिग्रॅम किंवा प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ०.३) की तो प्रीएक्लॅम्प्सिया. प्रथिनं नसली म्हणून सुटका नाही. प्लेटलेट एक लाखाखाली, क्रिएटिनिन १.१ च्या वर, यकृताची एन्झाइम दुप्पट, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, फुप्फुसात पाणी, यांतलं काहीही असलं तरी निदान तेच. १६०/११० हा आकडा टिकून राहिला तर अर्ध्या ते एका तासात औषध सुरू व्हायला हवं. इतक्या दाबाला मेंदूतली वाहिनी फुटू शकते, त्यामुळे 'उद्या दाखवू' चालत नाही. गरोदरपणात चालणारी औषधं म्हणजे लॅबेटॅलॉल, निफेडिपिन आणि मिथाइलडोपा. '-प्रिल' आणि '-सार्टन' बाळाच्या मूत्रपिंडांना अपाय करतात.

अ‍ॅस्पिरिनबद्दल हमखास विचारलं जातं. आधीपासून मधुमेह असेल तर साधारण बाराव्या आठवड्यापासून, सोळाव्याच्या आत, कमी मात्रेतलं अ‍ॅस्पिरिन प्रीएक्लॅम्प्सिया टाळायला देतात. बहुतेक ठिकाणी रोज ७५ ते १५० मिलिग्रॅम, रात्री. सव्विसाव्या आठवड्यात निघालेल्या मधुमेहासाठी ते सुरू करण्यात अर्थ नाही. अ‍ॅस्पिरिनचा उपयोग वार रुजत असतानाच्या काळात असतो आणि तो तोवर उलटून गेलेला असतो.

प्रसूती आणि पहिले काही दिवस

दवाखान्यात दिल्या जाणाऱ्या काही औषधांचा इथे वेगळा विचार लागतो. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली की काही तासांतच शुगर उसळते आणि चार-पाच दिवस वर राहते. इन्सुलिनची मात्रा आधीच वाढवायची असते, आकडे बिघडल्यावर नाही. कळा थांबवण्यासाठी टर्ब्युटॅलिनसारखी औषधं दिली तर नाडी धावते, शुगर चढते आणि फुप्फुसात पाणी साठण्याचा धोका वाढतो. मधुमेह असताना दुसरा पर्याय निवडलेला बरा. बीपी जास्त असेल तर प्रसूतीनंतर रक्तस्राव थांबवण्यासाठी मिथाइलएर्गोमेट्रिन टाळतात, ते वाहिन्या जोराने आवळतं. कळांच्या काळात शुगर साधारण ७० ते १२५ दरम्यान ठेवतात.

बाळ बाहेर आलं की गर्भाशय आकसतं आणि त्यातलं रक्त एकदम आईच्या अभिसरणात परत येतं. त्या काही मिनिटांत हृदयावरचा भार संपूर्ण गरोदरपणातल्यापेक्षा जास्त असतो. प्रीएक्लॅम्प्सिया असलेल्या बाईला म्हणून सलाईन मोजून, तासाला साधारण ८० मिलिलिटरच्या आसपास देतात.

घरी गेल्यावर शुगरची चिंता संपते आणि इथेच सगळ्यांची नजर हटते. बीपी मात्र बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वाधिक चढतं, म्हणजे बाळंतीण घरी असताना. गरोदरपणात बीपी होतं अशा बाईने पहिला आठवडा रोज मोजावं आणि सात ते दहा दिवसांत दाखवून यावं. बीपी खूप जास्त होतं तर तीन दिवसांतच. स्तनपान चालू असताना निफेडिपिन, लॅबेटॅलॉल, एनालाप्रिल ही औषधं घेता येतात.

काय साधं आणि काय नाही, हे घरच्यांनाही ठाऊक असावं. गरोदरपणात घोट्यावर सूज, जिना चढताना थोडी धाप, अधूनमधून धडधड हे चालतं. आडवं झाल्यावर श्वास कोंडणं, रात्री गुदमरून उठून बसावं लागणं, खोकल्यात फेस, जबडा-खांदा-पाठीकडे जाणारं छातीतलं दुखणं, चक्कर येऊन पडणं, स्वस्थ बसूनही नाडी ११० च्या वर, ऑक्सिजन ९५ च्या खाली, हे चालत नाही. गरोदरपणाचा शेवटचा महिना ते बाळंतपणानंतरचे पाच महिने या काळात हृदयाचा स्नायूच कमजोर पडण्याचा एक आजार होतो, पेरिपार्टम कार्डिओमायोपॅथी. तो दुर्मीळ आहे, पण प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या बायकांत जास्त दिसतो. 'बाळ झोपू देत नाही म्हणून थकवा' या समजुतीखाली तो आठवडे लपून राहतो. अशा वेळी ईसीजी, बीएनपी व ट्रोपोनिन (हृदयावरचा ताण आणि इजा दाखवणाऱ्या रक्तचाचण्या) आणि इको त्याच दिवशी व्हावेत.

मधुमेह 'गेल्या'नंतर

२०१९ मध्ये नऊ अभ्यासांतल्या ५३ लाखांहून अधिक बायकांची माहिती एकत्र करून एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. गरोदरपणात मधुमेह झालेल्यांना पुढे हृदयविकार आणि पक्षाघात होण्याचा धोका इतरांच्या जवळपास दुप्पट आढळला. ज्यांना पुढे टाइप २ मधुमेह झालाच नाही त्यांच्यातही तो दीडपटीहून थोडा जास्त (१.५६ पट) होता, आणि हा फरक पहिल्या दहा वर्षांतच दिसू लागतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या १.५६ च्या आकड्यात आहे. सारा धोका पुढच्या मधुमेहातून आला असता तर शुगर नॉर्मल राहणाऱ्यांना काळजीचं कारण नव्हतं.

अमेरिकेत १९८५-८६ पासून तरुण वयाच्या लोकांचा पाठपुरावा करणाऱ्या 'कार्डिया' अभ्यासातून २०२१ मध्ये हेच दुसऱ्या बाजूने पुढे आलं. सुमारे २५ वर्षांनी सीटी स्कॅनवर हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियम साठलंय का ते पाहिलं, तर गरोदरपणात मधुमेह झालेल्या पण नंतर शुगर पूर्ण नॉर्मल राहिलेल्या बायकांतही ते साठण्याचा धोका दुपटीहून अधिक होता. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०११ मध्येच गरोदरपणातल्या मधुमेहाची गणना बायकांच्या हृदयविकाराच्या जोखीम घटकांत केली होती.

दुप्पट हा शब्द मोठा वाटतो, म्हणून एवढंही लक्षात घ्या : तिशीतल्या बाईचा मूळ धोकाच फार लहान असतो. लहानाची दुप्पट अजूनही लहानच. याचा अर्थ उद्या काही होईल असा नाही, तर बीपी-कोलेस्टेरॉलचा हिशेब इतरांपेक्षा दहा-पंधरा वर्षं आधी ठेवायला घ्या, असा आहे.

तपासण्या अशा. बाळंतपणानंतर चार ते बारा आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोजची दोन तासांची चाचणी. उपाशीपोटी १२६ किंवा दोन तासांनी २०० म्हणजे मधुमेह. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा दोन तासांनी १४० ते १९९ म्हणजे त्याच्या उंबरठ्यावर. इथे एचबीए१सीवर भागवू नका. बाळंतपणातला रक्तस्राव आणि नव्या तांबड्या पेशींची भर यांमुळे ते खोटं कमी येतं. नुसती उपाशीपोटीची शुगर केली तर दोन तासांचा बिघाड असलेल्या बऱ्याच जणी सुटतात. हीच चाचणी सर्वाधिक राहून जाते, कारण तेव्हा घरात तान्हं बाळ असतं आणि आईला दोन-अडीच तास बाहेर बसायला सवड नसते. बाळाच्या लसीच्या दिवसाला ती जोडून टाकणं हा त्यातल्या त्यात सोपा उपाय.

ती नॉर्मल आली तरी पुढे दर एक ते तीन वर्षांनी शुगर पाहायची, आयुष्यभर. २०२० च्या मोठ्या आढाव्यात गरोदरपणात मधुमेह झालेल्यांना टाइप २ होण्याचा धोका जवळपास दहापट निघाला होता. बीपी वर्षातून एकदा तरी. लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइडची तपासणी) बाळंतपणानंतर लगेच करू नका, गरोदरपणातली वाढ ओसरायला वेळ लागतो. तीन महिन्यांनंतरचा आकडा खरा धरावा. कमरेचा घेर वजनापेक्षा जास्त सांगतो.

वजनाबाबत वेळ महत्त्वाची असते. गरोदरपणातलं उरलेलं वजन पहिल्या वर्षात उतरलं नाही तर ते सहसा मुक्कामाला राहतं आणि पुढचं गरोदरपण त्याच्यावर चढतं. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या आणि गरोदरपणात मधुमेह झालेल्या बायकांत आहार-व्यायामाचा शिस्तीचा कार्यक्रम किंवा मेटफॉर्मिन, दोन्हींनी टाइप २ चं प्रमाण साधारण निम्म्यावर आलं, हे अमेरिकेतल्या मधुमेह-प्रतिबंधाच्या मोठ्या चाचणीत दिसलं. स्तनपानाचाही वाटा मोठा आहे. गरोदरपणात मधुमेह झालेल्यांवर केलेल्या 'स्विफ्ट' अभ्यासात जास्त काळ आणि जास्त प्रमाणात अंगावर पाजणाऱ्यांना दोन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी होतं. दूध तयार करायला शरीर साखर आणि चरबी दोन्ही वापरतं. ज्यांना पाजणं जमत नाही त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये, बाकीच्या वाटा खुल्या आहेत.

गर्भनिरोधकाचा विषय यात कुणी काढत नाही, म्हणून काढतो. पहिल्या सहा आठवड्यांत इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या टाळाव्यात, रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. बीपी वाढलेलं असेल तर नंतरही टाळाव्यात. तांबी किंवा प्रोजेस्टेरॉन सोडणारी तांबी रक्तवाहिन्यांच्या दृष्टीने निर्धोक आहे. पुढच्या वेळी दिवस राहण्याचा विचार असेल तर आधी शुगर आणि बीपी पाहून घ्या. मधुमेह जवळपास निम्म्या जणींना पुन्हा होतो, आणि पुढच्या खेपेला तपासणी सव्विसाव्या आठवड्यापर्यंत थांबवायची नसते, पहिल्याच भेटीत करायची असते.

राहिला कागदांचा मुद्दा. हृदयविकाराचा धोका मोजणारी बहुतेक गणितं वय, बीपी, कोलेस्टेरॉल, धूम्रपान आणि मधुमेह विचारतात. गरोदरपणातली शुगर विचारत नाहीत. पंचेचाळिसाव्या वर्षी छातीत दुखतं म्हणून गेलात तर समोरचा डॉक्टर बाळंतपणाबद्दल विचारण्याची शक्यता कमी, आणि वीस वर्षांपूर्वीची फाइल त्याच्याकडे असण्याचीही. ग्लुकोज चाचणीचा अहवाल, गरोदरपणातलं सर्वाधिक बीपी आणि बाळंतपणानंतरच्या चाचणीचा आकडा, एवढं स्वतःकडे जपून ठेवा आणि विचारलं नाही तरी सांगा.